स्प्लीन (प्लीहा) 'लागत नाही' म्हणणाऱ्या पोरांची परीक्षा कशी घ्यायची?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. खान्देशातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी मेडिसिनला असिस्टंट प्रोफेसर आहे. माहेर चोपडा तालुक्यात, घरात अहिराणी, त्यामुळे पेशंटशी बोलायला अडत नाही. अडतंय ते पोरांशी.

परवा बेडसाइड क्लिनिकला फायनल इयरचा एक मुलगा केस मांडत होता. पेशंट धडगावकडचा, विशी-पंचविशीचा, सिकलसेलचा. पोरगा हुशार. हिस्टरी अशी घडाघडा म्हटली की मधे श्वास घेतला की नाही देव जाणे. पोटाशी आला आणि म्हणाला, ''सॉफ्ट, नॉन-टेंडर, नो ऑर्गॅनोमेगाली.'' म्हणजे आतला कुठलाच अवयव वाढलेला नाही. सकाळच्या राउंडला मी त्याच पोटावर हात ठेवला होता. स्प्लीन बरगडीखाली चांगली चार बोटं, खाच सुद्धा लागत होती.

म्हटलं, ''करून दाखव.'' पोरगा पेशंटच्या डाव्या अंगाला उभा राहिला, पेशंटचे पाय सरळच, आणि चार बोटं थेट डाव्या बरगडीखाली खुपसली. म्हणजे स्प्लीनच्या पोटावरच हात ठेवून तो स्प्लीनची कड शोधत होता! विचारलं, ''हाताखाली कडक काय लागतंय?'' म्हणे, ''रेक्टस, मॅडम.'' म्हणजे पोटाचा स्नायू! तेवढ्यात पेशंटच म्हणाला, ''पानथरी से ती, डॉक्टर.''

पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण हाच मुलगा प्रिलिमला आला असता तर काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. केसेस आदल्या रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर फुटतात. नाही फुटल्या तर पेशंट सांगतो, तेही नाही तर केसपेपर असतोच. पोरगा परीक्षकासमोर येऊन ''स्प्लीन चार बोटं, नॉचसकट'' म्हणतो, आपण दोन प्रश्न कॉजेसवर विचारतो, एक हायपरस्प्लेनिझमवर (वाढलेली स्प्लीन रक्तपेशी खाते त्यावर), आणि मार्क देऊन मोकळे. हात कुठे ठेवला होता ते कोणी बघितलं?

पुढच्या महिन्यात प्रिलिम आहे आणि प्रॅक्टिकल कशी घ्यायची ते ठरवायचं काम एचओडी सरांनी माझ्या गळ्यात टाकलंय. सरांचं मत एकच, ''लाँग केस म्हणजे लाँग केस, ते ऑस्कीचे खेळ पोरांना सर्कशीतले करतात.'' (लाँग केस म्हणजे एकाच पेशंटची पूर्ण केस घेऊन मांडायची; ऑस्की म्हणजे छोट्या छोट्या स्टेशनांवर, घंटेच्या तालावर, एकेक काम करून दाखवायचं.) बॅच शंभरची, परीक्षक आम्ही चार, दिवस दोन.

तर विचारायचं ते असं. एका बेडभोवती पंचवीस पोरं असताना तपासायला शिकवायचं कसं? परीक्षेत हात बघायचा कसा? आणि आमच्यातल्या एका सरांच्या टेबलावर सगळे पास, दुसऱ्यांच्या टेबलावर निम्मे रडत बाहेर, याला काही इलाज आहे का? पुस्तकी उत्तरं माझ्याकडे आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा.

---

जिभाऊ फिजिशियन

ताई, पंचवीस पोरं बेडभोवती उभी करणं आधी बंद करा. शिकवणं राहू द्या, त्या पेशंटचा जीव गुदमरतो.

मी आयुष्यभर वॉर्डात शिकवलं, आता अमळनेरला छोटं क्लिनिक आहे. माझी रीत सांगतो, पटली तर घ्या. एका दिवशी एकच चिन्ह. आज स्प्लीन म्हणजे स्प्लीन, हिस्टरी नाही, डिफरन्शियल नाही, ट्रीटमेंट तर नाहीच. पाच पाच पोरांचे गट पाडायचे. एक गट माझ्याबरोबर बेडवर. बाकीची पोरं डेमो रूममध्ये एकमेकांच्या पोटावर. नॉर्मल पोट शेकडो वेळा हाताखालून गेल्याशिवाय अ‍ॅबनॉर्मल कळत नाही, आणि नॉर्मल पोट हॉस्टेलला फुकट मिळतं.

बेडवर पहिल्यांदा मी करायचो, तोंड न उघडता, नेहमीच्या वेगात. मग परत, सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत. तिसऱ्यांदा पोरगा सांगणार आणि मी करणार. तो चुकीचं बोलला तर मी चुकीचंच करायचो, मग त्याला समोर दिसायचं. चौथ्यांदा त्यानं सांगत सांगत करायचं. याला पेटनच्या चार पायऱ्या म्हणतात हे मला रिटायर व्हायच्या सुमारास कळलं. तिसरी पायरी सगळे गाळतात, आणि शिकणं होतं ते तिसरीतच.

आता तुमची स्प्लीन. पोरांना ती डावीकडे सापडत नाही याचं कारण ती डावीकडे शोधतात! स्प्लीन वाढते ती तिरकी, बेंबीवरून उजव्या मांडीच्या दिशेनं. म्हणून हात ठेवायचा उजव्या इलियाक फोसात, म्हणजे ओटीपोटाच्या उजव्या कोपऱ्यात, आणि तिथून वर डाव्या बरगडीकडे सरकायचं. पेशंटचे गुडघे वाकवलेले, आपण उजव्या बाजूला, आपला कोपर बेडच्या पातळीवर. गरज पडली तर गुडघे टेकून बसा, पँट मळते, मळू द्या. हात सरकवायचा तो श्वास सोडताना. पेशंट श्वास घेतो तेव्हा हात थांबलेला पाहिजे, स्प्लीन आपणहून येऊन बोटाला धडकते. बहुतेक पोरं श्वास घेतानाच हात ढकलतात आणि पेशंटचं पोट आखडलं की त्याला 'गार्डिंग' म्हणतात. गार्डिंग कसलं, तुम्ही त्याला टोचताय!

लागली नाही तर पेशंटला उजव्या कुशीवर वळवा, डावा हात मागून बरगडीखाली घालून पुढे ओढा, मग परत बघा. आणि त्याआधी ठोकून बघा. पुढच्या अ‍ॅक्सिलरी लाइनवर, म्हणजे काखेच्या पुढच्या कडेपासून खाली येणाऱ्या रेघेवर, सगळ्यात खालच्या बरगड्यांच्या फटीत बोट ठेवून पर्कस करा, पेशंटला भरपूर श्वास घ्यायला लावा. श्वास भरल्यावर तिथला आवाज मंद झाला तर स्प्लीन वाढलेली असण्याची शंका धरायची आणि मग चिकाटीनं हात लावायचा. तो कॅस्टेलचा पॉइंट. दोन-तीन पट वाढल्याशिवाय स्प्लीन हाताला लागत नाही, त्यामुळे 'लागत नाही' म्हणजे 'नॉर्मल आहे' असं नाही, हेही त्यांना सांगा.

पर्कशनचं म्हणाल तर, ऑस्ट्रियातल्या ज्या आउएनब्रुगरनं १७६१ साली ते पहिल्यांदा लिहिलं तो खानावळवाल्याचा पोरगा. बापाच्या तळघरातली दारूची पिंपं ठोकून किती भरलीत ते बघायची सवय, असं सांगतात. पुस्तकाकडे तेव्हा कोणी फारसं बघितलं नाही. नेपोलियनचा डॉक्टर कॉर्विझार यानं १८०८ मध्ये फ्रेंचमध्ये आणलं तेव्हा कुठे जग ठोकायला लागलं. लाएनेकचा स्टेथोस्कोप त्यानंतरचा, १८१६ चा. आमची पोरं स्टेथोस्कोप गळ्यात घालून रील बनवतात आणि मधल्या बोटाचं नख वाढवून वॉर्डात येतात. नख कापल्याशिवाय बेडला हात लावू द्यायचो नाही मी.

आणि एक. तपासणी झाली की पोराला पेशंटच्या कातडीवर पेनानं स्प्लीनची कड काढायला लावा, पेशंटला विचारून. त्याची त्या दिवशी सोनोग्राफी ठरलेलीच असेल तर पोराला बरोबर पाठवा. कुठे चुकलो ते तासाभरात कळतं. मशीन उचलून वॉर्डात आणायच्या भानगडीत पडू नका, पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या, नोंदी-परवानग्यांचं झंझट नको.

ऑस्कीबद्दल माझं मत तुमच्या एचओडींसारखंच आहे. घंटा वाजली की पोरगा अर्धा गुडघा सोडून पळतो. अख्खा माणूस कुठे बघितला त्यानं?

---

गुणपत्रक

जिभाऊंच्या शिकवण्याला हात जोडून नमस्कार, पण परीक्षेच्या बाबतीत मी त्यांच्याशी भांडणार आहे. आमच्या कॉलेजच्या मेडिकल एज्युकेशन युनिटचं काम माझ्याकडे असतं, विषय माझा वेगळाच, पण परीक्षा बऱ्याच बघितल्यात.

लाँग केसचा दोष केसमध्ये नाही, ती कोणी बघत नाही यात आहे. पोरगा पेशंटजवळ एकटा आणि परीक्षक चहाला, हे चित्र कुठलंही कॉलेज घ्या. आपण मार्क देतो ते त्याच्या सांगण्याला, करण्याला नाही. मिलरनं १९९० मध्ये जो पिरॅमिड मांडला त्यात चार मजले आहेत. माहीत आहे, कसं करतात ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि सगळ्यात वर, रोजच्या कामात करतो. न बघितलेली लाँग केस दुसऱ्या मजल्यावरच अडकते. सीबीएमई, म्हणजे कौशल्यावर आधारलेला नवा अभ्यासक्रम, आल्यापासून आपल्या कागदांवर 'डीओएपी' छापलेलं असतं, म्हणजे दाखवा, बघू द्या, मदत करू द्या, करू द्या. लॉगबुकात सह्या पडतात. सही करणाऱ्यानं बघितलं का, ते सहीवरून कळत नाही.

दुसरी गोष्ट नशिबाची. कार्डिओ उत्तम येणाऱ्याला पोट मिळालं की संपलं. एका केसमध्ये चांगला निघालेला विद्यार्थी दुसऱ्या केसमध्ये चांगला निघेलच असं नाही, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून एका केसवर चार परीक्षक बसवण्यापेक्षा चार केसेसवर एकेक परीक्षक बसवला तर मार्क जास्त विश्वासाचे. हार्डेननं डंडीला १९७५ मध्ये ऑस्की मांडली ती याच कटकटीवर उतारा म्हणून.

आता चेकलिस्ट. पंचवीस चौकोनांची चेकलिस्ट दिलीत की पोरं नाटक शिकतात. हात चोळले, टिक. परवानगी मागितली, टिक. स्प्लीन लागली का, कोणाला पडलीय! शिवाय मुरलेला डॉक्टर नेमकं तेवढंच करतो आणि निघतो, त्याला चेकलिस्टवर कमी मार्क पडतात, आणि सगळं जोरजोरात म्हणत करणारा नवखा वर जातो.

त्यावर मला आवडलेली व्यवस्था ब्रिटनच्या एमआरसीपी या फिजिशियनांच्या परीक्षेतल्या पेसेस या प्रॅक्टिकल भागातली. तिथे तपासायची पद्धत आणि सापडलेली चिन्हं यांचे मार्क वेगवेगळे. पद्धत देखणी पण स्प्लीन चुकली, तर दुसऱ्या रकान्यात आपटतो. स्प्लीन बरोबर सांगितली पण हात भलतीकडे होता, तर पहिल्यात आपटतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फुटलेली केस निम्मीच कामाला येते. पेशंटला दुखवलं, उघडं टाकलं, तर त्यासाठी तिसरा वेगळा रकाना.

आणि तुमच्या कडक सर-दयाळू सर प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. परीक्षा सुरू व्हायच्या आधी दोन्ही परीक्षक स्वतः पेशंट तपासतात, केसपेपर बाजूला ठेवून, आणि काय लागतंय, काय नाही, ते आपसात ठरवतात. कशाला पास म्हणायचं तेही. मग मार्क देताना एकमेकांशी बोलत नाहीत. हे तुमच्याकडे करून बघा. पहिल्याच बेडवर दोन प्रोफेसरांचं स्प्लीनवरून जुंपेल. जुंपू द्या, विद्यार्थी यायच्या आधी जुंपलेलं बरं.

पासची रेघ कुठे मारायची, तर प्रत्येक परीक्षकानं मार्कांशिवाय एक शेरा द्यायचा, नापास, काठावर, पास, उत्तम. 'काठावर' शेरा मिळालेल्यांच्या मार्कांची सरासरी काढा, ती त्या स्टेशनची पासची रेघ. शंभराची बॅच असेल तर हे चालतं, पंधरा-वीस पोरांवर नको.

---

सातपुडा इंटर्न

मॅडम, मी सध्या अक्कलकुवा तालुक्यात पोस्टिंगला आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. आमच्या लॉगबुकाच्या सह्या टर्मच्या शेवटच्या दिवशी एका बैठकीत झाल्या, गठ्ठ्यानं. सर फोनवर बोलत होते आणि सह्या करत होते. माझ्याकडे 'छातीची तपासणी स्वतंत्रपणे करतो' असं लेखी आहे. करताना मला कोणी बघितलं असेल तर शपथ.

इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात एक आई बाळ घेऊन आली. आठ महिन्यांचं, खोकला, ताप. एक्स-रे तालुक्याला, तोही मशीनवाला असला तर. मी सवयीनं स्टेथो काढला. इथल्या एएनएम ताई म्हणाल्या, ''डॉक्टर, आधी झबलं वर करा आणि मोजा.'' पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर. रडायला लागलं की थांबायचं, शांत झालं की परत पहिल्यापासून. दोन महिन्यांच्या आत साठ, दोन महिने ते वर्ष पन्नास, वर्ष ते पाच वर्षं चाळीस, याच्या वर किंवा बरोबर असला तर जलद श्वास. आकडे मला पाठ होते, व्हायवाला सांगितलेही होते. मोजले मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. छातीचा खालचा भाग आत ओढला जातो तो कसा दिसतो, तेही ताईंनीच बोट ठेवून दाखवलं.

तुमच्या परीक्षेत हे घ्या ना. श्वास मोजायला लावा, एक मिनिट घड्याळ लावून, आणि परीक्षकानंही मोजायचे. सगळे कागदावर अठरा किंवा वीस लिहितात, कारण कोणी मोजतच नाही. मोठ्या माणसाचे मोजायचे तर नाडी धरून ठेवायची आणि गुपचूप छाती बघायची. मोजतोय म्हटलं की माणसाचा श्वास बदलतो.

दुसरं, कावीळ आणि पांढुरकेपणा. वॉर्डात ट्यूबलाइटखाली बघून 'नो पॅलर, नो इक्टेरस' लिहायची सवय. इथे ओसरीवर उजेडात डोळे बघतो तर निम्म्या सिकलवाल्यांचे पिवळे. खालची पापणी ओढली की पुढची कड आणि आतला भाग यांच्या रंगातला फरक बघा. पुढची कड लालभडक नसून आतल्यासारखीच फिकट दिसली तर रक्त बरंच कमी आहे. मला हे कळायला इथे यावं लागलं.

भाषेचंही आहे. पावरीत, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींच्या बोलीत, 'श्वास घ्या, सोडा' एवढं तरी यायला पाहिजे. पेशंटला कळलं नाही तर तो श्वास धरून बसतो आणि आपण म्हणतो स्प्लीन लागत नाही.

---

बेड नंबर नऊ

जिभाऊ, गुडघे टेकायचं ठीक आहे, पण आमच्या वॉर्डातली फरशी तुम्ही बघितलेली दिसत नाही. 😄

(मी मेडिसिनचा रेसिडेंट. बाकी सगळ्याला अनुमोदन. मे महिन्यात मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकायला शिकवायचा तर कूलर बंद करावा लागतो, आणि ४४ डिग्रीत कूलर बंद केला की अख्खा वॉर्ड उठून बसतो. कार्डिओच्या केसेस थंडीत घ्या, हा माझा शैक्षणिक सल्ला.)

---

वॉर्डाची सिस्टर

डॉक्टरमंडळींच्यात बोलू का नको असं झालं, पण पेशंटच्या बाजूनं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. जळगाव जिल्ह्यात स्टाफ नर्स आहे, बरीच वर्षं स्त्री मेडिसिन वॉर्डात काढली.

परीक्षेच्या दिवसांत 'चांगल्या केसेस' अडवून ठेवतात. म्हणजे बाई बरी झाली, घरी जायला निघाली, कापूस वेचायचे दिवस, रोज बुडतोय, आणि तिला सांगायचं की दोन दिवस थांबा, डॉक्टरसाहेब बघणार आहेत. चहा आणि गाडीभाडं देतात कुठे कुठे, कुठे तेही नाही. मग सकाळी आठपासून एक पोर उठलं की दुसरं. एका म्हाताऱ्या आजींनी शेवटी हात धरला पोराचा, ''आते कितला दाबतस रे भो!'' पोराला अहिराणी कळत नव्हती, त्याला वाटलं आजी दुखतंय म्हणतायत. त्यानं लिहिलं 'टेंडरनेस प्रेझेंट'. हसू नका, केसपेपरवर होतं ते.

माझे नियम मी वॉर्डात लावले होते, इन्चार्ज असताना. एका पेशंटला एका सकाळी पाचच हात. जेवणाच्या वेळी कोणी नाही. बायकांची छाती तपासायची तर पडदा आणि शेजारी सिस्टर किंवा मुलगी विद्यार्थिनी, आणि जो भाग बघायचा तेवढाच उघडा. पोरं लाजून साडीवरूनच स्टेथो लावतात, हे मी रोज बघितलंय. त्याला सभ्यपणा म्हणत नाहीत हो, त्यानं काही ऐकूच येत नाही आणि बाईला वाटतं डॉक्टरनं बघितलं. नीट विचारलं, ''माय, छातीचा आवाज ऐकायचाय, पदर थोडा बाजूला कराल?'' तर नाही म्हणणारी बाई मला क्वचितच भेटली.

बीपीचंही तेच. कफ शर्टाच्या बाहीवर, हात लोंबकळता, आणि भसकन हवा सोडली. परीक्षेत बीपी घ्यायला सांगा आणि मला उभं करा, मी मार्क देते. नाडीवर हात ठेवून आधी वरचा आकडा बघितला का, कफ दंडाला पुरतोय का, पारा हळूहळू उतरवला का. कोण शिकलंय आणि कोण नाही ते आम्हाला रोजच्या रोज दिसतं. आम्हाला कोणी विचारत नाही, तेवढंच.

---

तापीकाठची

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं वाचून लगेच एक ठरवलं, बीपी आणि श्वास मोजण्याच्या स्टेशनवर मार्क सिस्टरच देणार. सर 'नर्स कशी मार्क देईल' म्हणाले. मी विचारलं, ''सर, आपल्या वॉर्डात शेवटचं बीपी तुम्ही कधी घेतलं?'' नशीब, हसले.

गणित मांडून सरांपुढे ठेवलं. शंभर पोरं, प्रत्येकाचा हात दहा मिनिटं बघायचा म्हटला तर हजार मिनिटं. चौघांत वाटली की प्रत्येकी अडीचशे, म्हणजे चार तासांच्या जरा वर, आणि आपल्याकडे दोन दिवस. त्यामुळे 'वेळ कुठे आहे' हा मुद्दा मिटला. लाँग केस राहणारच, सर त्यावर हटले नाहीत आणि जिभाऊंचं अख्ख्या माणसाचं म्हणणं मला पटतंही. पण तपासणीची दहा मिनिटं परीक्षक बेडशी उभा राहणार, तोंड बंद ठेवून. हिस्टरी घेताना नसला तरी चालेल. केसपेपर सिस्टरांच्या टेबलात कुलपात. त्याशिवाय चार छोटी स्टेशनं, त्यातली दोन धडधाकट माणसांवर, कारण 'काही सापडलं नाही' हे खात्रीनं सांगता येणं मला बघायचंय. वॉर्डबॉयमामा एका स्टेशनला पेशंट व्हायला तयार झाले, फक्त गार हातानं पोट दाबायचं नाही या अटीवर.

मार्कांचे रकाने तीन. पद्धत, सापडलेलं चिन्ह, पेशंटची काळजी. तिसऱ्यात नापास तो त्या स्टेशनला नापास. ही अट सरांनीच घातली, मी सुचवायच्या आधी.

काल रंगीत तालीम म्हणून आम्ही चौघांनी केसपेपर न बघता तीन पेशंट तपासले. पहिल्या पोटावरच दोन सरांत लिव्हरच्या कडेवरून मतभेद झाला, गुणपत्रक म्हणाले होते तस्साच. असायटिसच्या, म्हणजे पोटात पाणी झालेल्या, पेशंटवर तर मजाच. शिफ्टिंग डलनेस, म्हणजे कूस बदलल्यावर ठोकण्याचा मंद आवाज सरकतो का ते, बघताना एका कुशीवर वळवल्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं, पाणी खाली बसू द्यायचं, तोवर बोट जागेवरून हलवायचं नाही, हे पोरांना आपण ओरडून सांगतो. आमच्यातलेच एक सर वळवताक्षणी ठोकायला लागले. मी काही बोलले नाही, पण पद्धतीच्या रकान्यात 'थांबला का?' एवढे दोन शब्द वाढवले आणि तो कागद चौघांना वाटला.

आता एकच अडलंय. पोरगा तपासतोय आणि चुकीच्या जागी हात ठेवतोय, पेशंटला दुखतंय, तर परीक्षकानं मधे बोलायचं की नाही? परीक्षा की शिकवणं?

---

जिभाऊ फिजिशियन

दुखत असेल तर हात धरून थांबवायचं, त्यात विचारायचं काय. मार्क कापा आणि नीट कसं ते तिथल्या तिथे दाखवा. प्रिलिम आहे, फायनल नाही. फायनलला बाहेरचा परीक्षक असतो, त्याच्यासमोर शिकवायला गेलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

वॉर्डबॉयमामांचं आवडलं. नॉर्मल माणसावर किती पोरं 'स्प्लीन दोन बोटं' सांगतात ते कळवा इथे.

---

गुणपत्रक

दुखलं तर थांबवा, पण कारण सांगू नका आणि बरोबर जागा दाखवू नका, निदान त्याचे सगळे बेड संपेपर्यंत. नाहीतर पुढच्या पोराला बाहेर पडल्या पडल्या कळेल. फीडबॅक त्याच दिवशी दुपारी, सगळ्यांना, प्रत्येकी दोन वाक्यं. एक काय चांगलं केलं, एक उद्या वॉर्डात काय वेगळं करायचं. आठवडा गेला की त्याला नुसते मार्क आठवतात.

जिभाऊ, इथेही आपलं जमत नाहीसं दिसतंय.

---

वॉर्डाची सिस्टर

मॅडम, तारीख ठरली की तुमच्या वॉर्डाच्या सिस्टरांना चार दिवस आधी सांगा, आदल्या संध्याकाळी नको. पेशंटना विचारायचं, नातेवाइकांना समजवायचं, कोणाचा डिस्चार्ज अडत नाही ना ते बघायचं, हे सगळं त्यांच्याच अंगावर येतं. पडदे लाँड्रीत गेलेले असतात, ते आधी मागवून ठेवा. आणि मामांना त्या दिवशी नाश्ता करून यायला सांगा, उपाशी पोटावर पोरं दाबत बसली तर दुपारपर्यंत त्यांचं पोट खरंच दुखेल, मग तुमचं नॉर्मल स्टेशन गेलं.